ढिगावरचं पाणी

तुम्हाला कोरडा खोकला येत असेल, संध्याकाळी अंग तापत असेल, गावाकडं राहून आलात की बरं वाटत असेल आणि कामावर गेलात की पुन्हा तेच सुरू होत असेल, तर डॉक्टरांना आपलं काम नीट सांगा. हुद्दा सांगू नका, काम सांगा. कुठं बसता, नाकातोंडात काय जातं, घरी आल्यावर कपड्यातून काय झडतं, ते सांगा. मी हुद्दा सांगितला होता. ‘साखर कारखान्यात सुरक्षा अधिकारी.’ डॉक्टरांनी मान डोलावली आणि मला क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. क्षय मला नव्हता.

आता मी बरा आहे. सकाळी घाटनांदूरच्या शिवारात फिरून येतो, चढ लागला तर हळू होतो पण थांबत नाही. छातीचा थोडा भाग कायमचा निबर झाला आहे. उरलेला मला पुरतो. म्हणून हे रडगाणं नाही. मी मुळात बोलणारा माणूस नाही. जे बोलायला हवं होतं ते वेळेवर न बोलल्यानंच आजारी पडलो, आणि एकटा पडलो नाही, सोबत दुसऱ्यालाही पाडलं. ते एकदा सरळ सांगून टाकतो.

भुसा

आमचा कारखाना सहकारी. ऊस गाळून जो चोथा उरतो त्याला कागदावर बगॅस म्हणतात, आमच्याकडं सगळे भुसा म्हणतात. थोडा बॉयलरला जाळतात, उरलेल्याचे गठ्ठे बांधून यार्डात रचतात. दुमजली घराएवढा ढीग होतो. वरून सोनेरी दिसतो. पण अवकाळी पावसात एकदा भिजला आणि आतल्या आत उबला की त्याला बुरशी धरते. मग तो वाळल्यावर फोडला की जी धूळ उडते, ती साधी धूळ नसते. ती छातीत बसते. हे मला माझ्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. यार्डातल्या एकालाही माहीत नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

म्हणून त्या ढिगावर पाणी फवारायची सोय होती. नळ टाकलेले, वर कारंजी लावलेली. पाणी यायचं सांडपाण्याच्या हौदातून. गळीत हंगामातलं, गाळून-निवळून ठेवलेलं, तरी वास मारणारं. गुरंही त्याला तोंड लावायची नाहीत.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. ऊसच नव्हता, त्यामुळं हंगाम लवकर आटोपला. कारखान्याच्या फाटकासमोर पिण्याच्या पाण्याचा टँकर यायचा आणि शेजारच्या वस्तीवरच्या बाया घागरी, हंडे, डबे मांडून त्याची वाट बघत बसायच्या. त्यांच्या डोळ्यासमोर, तारेच्या कुंपणापलीकडं, आमची कारंजी भुशावर थुईथुई उडत होती.

एक दिवस त्यातल्या एकीनं फाटकावर दगड मारला. कुणाला लागला नाही. त्या दुपारी चेअरमनांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो.

‘महादेवराव, तहानलेल्या माणसांपुढं कारखाना भुशाला अंघोळ घालतोय, असं गावोगाव झालंय. मी मतं मागायला कुठल्या तोंडानं जाऊ?’

‘आबा, ते पाणी प्यायचं नाही. हौदातलं आहे.’

‘हे तुम्हाला माहीत. त्यांना?’

‘सांगू की.’

‘दुष्काळात कोण ऐकून घेतंय? ते जाऊ द्या. नियम काय म्हणतो, तेवढं बघा.’

नियम काय म्हणतो ते बघा, याचा अर्थ आमच्याकडं सगळ्यांना कळतो. नियमातून वाट काढा. आणि ती मला काढता यायची, किंबहुना त्यासाठीच मी नावाजलेला होतो. तोंडाला बांधायचे मास्क कामगारांना ‘पुरवावेत’ असं लिहिलेलं. माझ्या वाचनानुसार ते स्टोअरला आले की पुरवले गेले. तिथं ते खोक्यात नवेच्या नवे होते. तपासणीच्या दिवशी बाहेर निघायचे, संध्याकाळी घडी करून परत आत. फुकट घाण कशाला करायचे, असं स्टोअरवाला म्हणायचा आणि मला ते पटायचं.

धुळीच्या नियमात शब्द होते, ‘व्यवहार्य असेल तेथवर’. मी अभिप्राय लिहिला की तालुक्यातली पाणीटंचाई बघता बगॅसवर पाणी फवारणं सध्या व्यवहार्य नाही. एकही शब्द खोटा नव्हता. टंचाई होती, पाणी होतं, बगॅस होता. फक्त ते पाणी वेगळं होतं, हे मी लिहिलं नाही. तपासणीला साहेब आले, त्यांनी वाचलं, म्हणाले, ‘बरोबर आहे, परिस्थितीच अशी आहे.’ चहा घेतला आणि गेले. मला त्या दिवशी स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

कारंजी बंद झाली. ते पाणी पुढं कुणाच्याही कामी आलं नाही. हौदातच आटलं.

बिड्या

यार्डातल्या टोळीचा मुकादम नामदेव. माझ्याच गावचा, एका वर्गातला. चारचौघांत मला साहेब म्हणायचा, एकटे असलो की म्हाद्या. पाणी बंद झालं त्या दिवशी तो माझ्या पत्र्याच्या ऑफिसात आला आणि खुर्ची ओढून बसला.

‘बेस केलं बे. आमच्या आळीच्या बाया लई टोमणे मारायच्या. नामदेव, भुशाला न्हाऊ घालून झालं का, आता तेल बी लाव.’

मी हसलो.

‘पर एक सांग,’ तो म्हणाला, ‘जाळ लागला तर? पानी त्याच्यासाठीच हुतं की न्हाई?’

पाणी त्याच्यासाठी नव्हतं. आगीसाठी वेगळा बंब होता, वेगळी टाकी होती, ती भरलेली होती. मी तोंड उघडलं आणि नुसतं म्हणालो, ‘हां, तेवढी काळजी घ्या.’

त्यानं ती घेतली. दुसऱ्या दिवशी सगळ्या टोळीनं फाटकाजवळच्या लिंबाला एक फडकं बांधलं आणि कामावर शिरताना आपापले बिडीचे कट्टे, काड्यापेट्या त्यात टाकल्या. पाणी दुष्काळाला दिलं, तर आपण बिडी सोडायची, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. नामदेव स्वतः उभा राहून एकेकाचे खिसे चाचपायचा. कुणी चुकारपणा केला तर म्हणायचा, ‘टाक बे भाड्या, तुझ्यापायी गाव जळंल.’ येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुक वाटायचं. आबांनी तर वार्षिक सभेत त्या लिंबाचा उल्लेख केला. मी खाली मान घालून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळचा ताप

मागच्या वर्षीचा जुना ढीग कागद गिरणीला विकायचा ठरलं. गठ्ठे फोडायचे, ट्रक भरायचे. माणसं कमी केलेली होती, म्हणून देखरेखीला मीच. माझ्या ऑफिसात एक कूलर होता. पाणी नसल्यामुळं त्यात पाणी घालणं बंद, नुसता पंख्यासारखा चालायचा. त्याची पाठ ढिगाकडं होती. बाहेर टोळी उघड्यावर धूळ खायची आणि आत माझ्या तोंडावर ती कूलर सोडायचा.

चारसहा आठवड्यांत अंग मोडायला लागलं. संध्याकाळी घरी आलो की हुडहुडी, ताप, हाडं ठणकायची. सकाळी उतरलेला. खोकला येऊन काही पडायचं नाही. रविवारी बरं वाटायचं. सणाला सासुरवाडीला धर्मापुरीला गेलतो, तिथं चार घास जास्त जेवलो. परत आलो, यार्डात दिवस काढला, संध्याकाळी पुन्हा पांघरुणात.

मंगल, माझी बायको, तेव्हाच म्हणाली होती, ‘तुमचा ताप बी सुट्टी घेतो वाटतं.’

मी तिच्यावर ओरडलो. कारण ती बरोबर बोलत होती.

मग एका खासगी डॉक्टरांनी फोटो काढला, छातीत डाग दिसले, वजन उतरलेलं, खोकला जुना. त्यांनी काय करावं? मी हुद्दा सांगून गप्प बसलेला. गोळ्या सुरू झाल्या. लघवी लाल, तोंडाला चव नाही, आणि घरात तो शब्द. आमची सई दहावीला होती. तिला परळीला मामाकडं पाठवून दिली, पोरीला लागायला नको म्हणून. ती जाताना दारातूनच म्हणाली, ‘पप्पा, गोळ्या चुकवू नका.’ जवळ आली नाही, आम्हीच येऊ दिली नाही. नसलेल्या रोगापायी मी लेक घराबाहेर काढली. मंगलनं माझं ताट वेगळं केलं नाही. मीच केलं. तिनं ते दोनदा उचलून सगळ्यांच्या भांड्यात घासलं, तिसऱ्यांदा तिनं नाद सोडला. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलायला लागलो.

त्याच सुमाराला नामदेव खोकायला लागला. त्याच डॉक्टरांकडं गेला, त्याच गोळ्या घेऊन आला. ताप चढला की गोळ्या घेऊन आठवडाभर गावी पडून राहायचा, बरा व्हायचा, आणि यार्डात परत.

‘गोळी लागू पडली बे,’ तो मला म्हणायचा. ‘तुला कावून लागू पडंना?’

तेव्हा मला कळलं होतं. पूर्ण कळलं होतं, असं मी आज लिहितो. तेव्हा मी स्वतःशीही तसं बोलत नव्हतो. नुसतं दुसरं काही काम काढायचो.

अंबाजोगाई

एका सकाळी न्हाणीतून बाहेर येताना भिंत धरून खाली बसलो. नखं निळी पडलेली. मंगलनं शेजाऱ्याची जीप बोलावली आणि अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

ऑक्सिजनचा मास्क तोंडावर चढवला तेव्हा पहिल्यांदा मला स्टोअरमधली ती खोकी आठवली. नवीकोरी, घडी न मोडलेली.

दवाखान्याचं जगणं बाहेरून वाटतं तितकं वाईट नसतं, हे नव्यानं दाखल होणाऱ्यांना सांगून ठेवतो. पहिले दोन दिवस भीती असते, मग वेळापत्रकच आपल्याला धरून चालवतं. पहाटे सुई, मग फरशी पुसणारी मावशी, मग चहा, मग डॉक्टरांचा राउंड. मावशीचं एक मला फार आवडायचं. ती झाडायच्या आधी पाणी शिंपडायची. ओंजळीनं, रांगोळी टाकावी तसं. त्या वर्षी दवाखान्यालाही टँकरच येत होता. एकदा सिस्टर तिला म्हणाल्या, ‘मावशी, पाणी जपा.’ ती म्हणाली, ‘जपते की. पर छातीचे पेशंट हायेत, कोरडं झाडू का?’ आणि झाडत राहिली. मी भिंतीकडं तोंड केलं.

शेजारच्या खाटेवर एक रिटायर मास्तर होते. नाकात नळी, तरी दिवसभर विनोद. मला श्वासाच्या व्यायामाचं एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं, तोंडानं ओढलं की आतले गोळे वर उठतात. माझा एकही हलेना. मास्तर म्हणाले, ‘राहू द्या, गोळ्यांनापण दुष्काळ आहे.’ हसताना मला इतका खोकला आला की सिस्टर धावत आल्या, पण कित्येक महिन्यांनी हसलो होतो. अशा गोष्टींचा हिशेब कुठल्याच कागदावर येत नाही, पण त्यांनीच माणूस तरतो.

छातीच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी माझी थुंकी तपासली, स्कॅन बघितला, आणि खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या.

‘जंतू कुठंच सापडत नाहीत. इथं आल्यापासून तुमचा तापही नाही. काय काम करता?’

‘सुरक्षा अधिकारी.’

‘ते हुद्द्याचं नाव झालं. दिवसभर काय करता?’

‘कागदपत्रं बघतो.’

पायथ्याशी बसलेली मंगल म्हणाली, ‘कागदातून भुसा झडतो व्हय? रोज सदरा झाडते मी अंगणात. मलाच शिंका येतेत.’

‘कसला भुसा?’

मी पांघरूण नीट करायला लागलो. मंगल माझ्याकडं बघत राहिली. तिला सगळं माहीत नव्हतं, पण मी दडवतोय एवढं तिला कळत होतं.

डॉक्टरीणबाई उठल्या. ‘मला एक शंका आहे. पण तुम्ही सांगितल्याशिवाय मी गोळ्या बदलणार नाही. चुकीच्या शंकेवर बदलल्या आणि खरंच क्षय असला तर तुम्ही मराल. विचार करून सांगा.’

त्या गेल्यावर मंगल मला म्हणाली, ‘कुणाला भिता?’

मी खरं उत्तर दिलं नाही. मी म्हणालो, कारखान्याचं नाव गेलं तर चौकशी लागेल, आधीच दुष्काळ, कारखाना बंद पडला तर शेकडो घरं बसतील. हे खोटं नव्हतं. पण मी कारखान्यासाठी भीत नव्हतो. तो अभिप्राय माझ्या अक्षरात होता, आणि लिंबाला बांधलेल्या बिड्या मी रोज बघत होतो. मला नामदेवची भीती वाटत होती.

भेटीची वेळ

तोच आला. भेटीच्या वेळेला, रामफळांची पिशवी घेऊन. दोन जिने चढून आला होता, खाटेच्या कडेवर बसला आणि बराच वेळ नुसता धापत राहिला. गळ्याजवळची कातडी श्वासाबरोबर आत ओढली जात होती.

‘लिफ्ट न्हाई का बे तुझ्या दवाखान्याला?’

‘हाय की. पेशंटसाठी.’

‘मग मी काय नवरदेव हाय?’ तो म्हणाला आणि पुन्हा खोकला.

मंगलनं त्याला पाणी दिलं. तो सांगायला लागला. ढीग संपत आला होता. वरचं सगळं गेलं, आता बूड राहिलं होतं. गिरणीच्या गाड्या उद्यापासून लागणार, पाऊस यायच्या आत उचलायचं.

‘तळ काळा पडलाय बग. फावडं मारलं की धूरच निघतो. उद्या दिवसभर तेच उकरायचंय. मी सोताच उतरनार हाय, पोरं कंटाळा करतेत.’

धूर नव्हता तो. कुजून वाळलेल्या भुशाची बुरशी होती, आणि ती सगळ्यात जास्त तळातच असते. मी त्याच्या गळ्याकडं बघत होतो. उद्या हा तिथं उतरला तर पुन्हा जिने चढून कुणाला भेटायला येणार नाही, हे मला दिसत होतं. एवढं स्पष्ट आयुष्यात मला दुसरं काही दिसलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटकडं आल्या होत्या. मी मास्क काढला आणि त्यांना हाक मारली.

‘बाई, तुम्ही भुसा विचारलात. उसाचा. वर्षभर पडून बुरशी धरलेला. ओला ठेवायचा असतो, कोरडाच फोडत होतो. पाणी बंद केलेलं आहे. मी बंद केलं. आणि ह्यालाही तेच झालंय. क्षय नाही, मलाही नाही, ह्यालाही नाही. ह्याला उद्या तळ उकरायला जायचंय.’

माझा दम तिथं संपला. त्यांनी माझ्या तोंडावर मास्क परत बसवला, आणि नामदेवकडं वळल्या. त्याला काय होतं, कधी होतं, गावी बरं वाटतं का, सगळं विचारलं. तो माझ्याकडं बघतच उत्तरं देत होता.

‘तुम्ही उद्या कुठंही जायचं नाही,’ त्या त्याला म्हणाल्या. ‘सकाळी खाली छातीच्या फोटोला या.’

त्या गेल्यावर नामदेवनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाला, ‘पानी जाळासाठी नव्हतं?’

‘न्हाई.’

‘छातीसाठी हुतं?’

‘हां.’

‘तुला म्हाईत हुतं.’

मी मान हलवली. तो पिशवीतली रामफळं एकेक करून काढून खाटेवर ठेवत होता. सगळी ठेवून झाल्यावर म्हणाला, ‘बिडी सोडली की बे आमी.’

आवाज चढला नव्हता. रागही नव्हता त्यात, नुसतं सांगत होता. पिशवी झटकली, घडी केली आणि जिन्याकडं गेला. मंगल त्याच्यामागं गेली. परत आली तेव्हा तिनं मला काही विचारलं नाही. माझं ताट, वाटी, पेला घेऊन गेली, धुऊन आपल्या भांड्यांत मिसळलं आणि माझ्याच ताटात माझ्यासोबत जेवली.

व्यवहार्य

गोळ्या बदलल्या. पुढच्या औषधानं तोंड सुजतं, भूक भडकते, साखर चढते, झोप जाते, हे सगळं झालं. घाबरू नका, उतरतं. त्या प्लास्टिकच्या खेळण्यात पहिला गोळा उठला त्या दिवशी मास्तरांनी वॉर्डभर पेढे वाटायची धमकी दिली. सईला मंगलनं फोन करून बोलावून घेतलं. ती आली ती सरळ येऊन गळ्यात पडली आणि म्हणाली, ‘पप्पा, तुमच्या अंगाला औषधाचा वास येतो.’ मला तो वास तेव्हापासून आवडतो.

नामदेव खालच्या मजल्यावर दाखल झाला. त्याची छाती माझ्यापेक्षा जास्त गेलेली होती. मी पत्र्याच्या आत बसायचो, तो दिवसभर उघड्यावर धुळीत उभा असायचा. मी भेटायला गेलो की तो म्हणायचा, ‘बसा, साहेब.’ आसपास कुणी नसलं तरी साहेब.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की कामातून झालेला आजार सरकारला कळवावा लागतो. मी म्हणालो, कळवा. दोन दिवसांत आबा आले. सोबत फळांची करंडी, चेहरा उतरलेला. ते दुष्ट माणूस नव्हते. टँकरसाठी त्यांनी त्या वर्षी अधिकाऱ्यांच्या दारात खेटे घातले होते.

‘महादेवराव, तब्येत आधी. बाकी नंतर. पण एक विचारतो. तुमच्या अंगाला भुसा सोसत नाही, ही तुमची व्यक्तिगत प्रकृती, असं म्हणणं व्यवहार्य होईल का?’

‘आबा, तो शब्द मीच तुम्हाला शिकवला. आता मीच परत घेतो.’

‘म्हणजे?’

‘फवारणं व्यवहार्य आहे. हौद आटला असला तरी त्याच्या शेजारच्या खड्ड्यात अजून सांडपाणी आहे. पंप आहे, नळ आहेत. मी खाटेवरून लिहून देतो. मास्कची खोकीही उद्या फोडा.’

‘आणि फाटकावरच्या बाया?’

‘त्यांना सांगू.’

ते बराच वेळ करंडीच्या दोऱ्याशी खेळत बसले. जाताना म्हणाले, ‘लिहा.’ चौकशी झाली. मला खुलासा द्यावा लागला, माझी बढती थांबली. कारखाना बंद पडला नाही. इतके महिने ज्याच्या नावानं गप्प बसलो होतो, ते झालंच नाही.

फाटक

यार्डात पाय ठेवायचा नाही, या अटीवर मला घरी सोडलं. पाऊस अजून आलेला नव्हता. नामदेवशिवाय टोळी उतरली नव्हती, त्यामुळं ढिगाचं बूड तसंच पडून होतं, आणि ते उचलायच्या आधी भिजवायचं ठरलं होतं. मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. नामदेव हट्ट करून माझ्याआधीच सुटला होता. त्याला आता फाटकावर बसायचं हलकं काम दिलं होतं. लिंबाखाली दगडी पार होता, त्यावर तो बसलेला. वर फडकं अजून होतं, विटलेलं. मला बघून त्यानं मान हलवली, तेवढंच.

आत पंप सुरू झाला. कारंजी वर उडाली. टँकरची वाट बघणाऱ्या बायांत एकदम गलका झाला.

‘बगा, सुरू झालं ह्यांचं.’

‘आमच्या लेकराला चूळ भराया न्हाई, अन् हितं बगा.’

नामदेव हळूच उठला. आत गेला, नळाखाली बादली धरली, ती घेऊन थांबत थांबत परत आला. सगळ्यात पुढं एक म्हातारी बसली होती, सगळ्या तिला सोनामाय म्हणायच्या. त्यानं बादली तिच्यापुढं ठेवली.

‘माय, घे. भर घागर.’

तिनं वाकून बघितलं आणि नाकाला पदर लावला. ‘शी. हे म्हसरू बी पिनार न्हाई.’

‘न्हाईच पेत. हे भुशासाठीच हाय. भुसा वला न्हाई केला की आमच्या छातीत जातो. माझ्या गेलाय.’ त्यानं छातीवर हात ठेवला. ‘दोन जिने चढाया न्हाई जमत आता.’

बादली एकीकडून दुसरीकडं गेली, प्रत्येकीनं वास घेतला. सोनामाय म्हणाली, ‘आरं मग पयल्याच दिशी कावून न्हाई सांगितलं? आमी काय वैरी हाव?’

नामदेवनं माझ्याकडं बघितलं. ‘त्यो साहेबाला इचार.’

सगळ्यांनी माझ्याकडं तोंडं वळवली. मी सांगितलं. इथं जे लिहिलंय तेच, याहून थोडक्यात. चेअरमनांवर घातलं नाही, दुष्काळावर घातलं नाही. पाणी कुठलं होतं, कशासाठी होतं, मी काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही. बिड्यांचंही सांगितलं. एवढ्या माणसांपुढं मी इतकं कधी बोललो नव्हतो. कुणी शिवी दिली नाही. सोनामाय नुसतं ‘बाबौ’ म्हणाली. तेवढ्यात टँकर आला, आणि घागरी उचलून त्या सगळ्या पळाल्या.

मी तिथंच उभा होतो. कुंपणापलीकडं भुशाचा रंग काळपट होत चालला होता, धूळ बसत होती.

नामदेव पारावर जाऊन बसला. थोड्या वेळानं त्यानं बाजूला सरकून हातानं दगड पुसला.

‘बस बे म्हाद्या,’ तो म्हणाला. ‘दम लागंल.’

दम लागला नव्हता. पण मी बसलो.